जजबाईंची एकच कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी गोष्ट खरं तर कारखान्यापासून सुरू करायला हवी. पण ज्या सकाळी माझ्यावर आळ आला, तिथून सांगतो. ते मनातून उतरल्याशिवाय बाकीचं मला नीट सांगता येणार नाही.

मला डोळे नाहीत. पुढच्या बारीक जाळीमागे माझा कान आहे, आणि वरच्या बटणांवर कोणाचं बोट पडलं ते मला कळतं. तेवढ्यावरच माझं सगळं चालतं.

त्या शनिवारी घरातली मुलगी परगावाहून आली होती. तिच्या आईला जाऊन दीड महिना झाला होता. मोबाइलमध्ये आईचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. आवाजाची जगात एकच कॅसेट होती आणि ती माझ्या पोटात होती. मुलीनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, फीत मागे नेली, मोबाइल माझ्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. बाबा समोर बसले होते. त्यांची खुर्ची एरवी सारखी करकरते. त्या दिवशी ती अजिबात करकरत नव्हती.

माझ्यातून आईचा आवाज आला नाही. बाबांचा आला.

"ऐकलं. ड्रायव्हरबद्दल पटलं. पण शेवट काय झाला ते सांगितलं नाहीस."

त्यापुढे बोलणं नव्हतं. चमचा बशीला लागल्याचा आवाज होता. नळ ठिबकत होता. मग कोणीतरी नाक ओढलं. मुलीनं फीत पुढे पळवली, थांबवली, ऐकलं, परत पळवली. असं करत करत ती शेवटपर्यंत गेली. सगळीकडे तेच रिकामं स्वयंपाकघर.

"बाबा, यातून आई कुठे गेली?"

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "जुनं यंत्र आहे. त्यानंच पुसून टाकलं असेल."

मित्रांनो, हा तो आळ. पुसण्याचा तुकडा माझ्यातच आहे, हे खरं. पण लाल बटण कोणी दाबल्याशिवाय तो फितीला शिवतसुद्धा नाही. मला ते ओरडून सांगायचं होतं. माझ्याकडे स्वतःचा आवाज नाही. लोक जो भरून ठेवतात तोच माझा आवाज.

आता मागचं सांगतो.

एका मोठ्या कारखान्यात लांबलचक टेबलापाशी माझे स्क्रू पिळले गेले. मग खोक्यात बसून मी एका दुकानात आलो आणि तिथून या दोन खोल्यांच्या घरात. तेव्हा मुलगी शाळेत होती. मला गाण्यांसाठी घेतलं होतं, पण गाणी माझ्या वाट्याला फार आली नाहीत. त्याला कारण या घराच्या कामाच्या वेळा.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर होते. त्यांची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. आई एका दवाखान्याच्या धोबीखान्यात फाटक्या कपड्यांची दुरुस्ती करायची. ती पहाटे सहाला घराबाहेर पडायची तेव्हा बाबा झोपलेले असत. ती दुपारी घरी यायची तेव्हा ते निघून गेलेले असत. ते परत यायचे तेव्हा ती झोपलेली असे. साप्ताहिक सुट्टीसुद्धा वेगवेगळ्या वारी. लग्न झालेली दोन माणसं एका घरात राहून एकमेकांना चपलांवरून ओळखत होती.

संध्याकाळी आई टीव्हीसमोर बसून दवाखान्याच्या कोटांना आणि पायजम्यांना बटणं लावायची. टीव्हीवर जे येईल ते बघायची आणि दुसऱ्या दिवशी बाबांना ते सांगता येत नाही म्हणून तिचा जीव कासावीस व्हायचा. एका संध्याकाळी तिनं मला पुढ्यात ओढलं, लाल बटण आणि त्याच्या शेजारचं मोठं बटण एकदम दाबलं आणि बोलायला लागली. "अहो, आजचा सिनेमा तुम्ही बघितला नाहीत ते बरं झालं. आता का ते ऐका."

सकाळी बाबांनी चहा पिता पिता ते ऐकलं, फीत मागे नेली आणि त्याच जागी मिनिटभराचं उत्तर भरलं. दुपारी आईनं ते ऐकलं आणि संध्याकाळी त्यावर पुढचं मत भरलं. तेव्हापासून पंचवीस वर्षं हेच. मी एकाचा आवाज पुसायचो आणि दुसऱ्याचा भरायचो. कॅसेट एकच. ती झिजली की दुसरी आणायची आणि पहिली टाकून द्यायची. मुलगी म्हणायची, अगं आई, जपून ठेव की थोडं. आई म्हणायची, कालचं मत आज कोणाला हवंय?

नियम मात्र दोन होते. पहिला, मत अर्ध्या तासात, म्हणजे एका बाजूत, संपवायचं. त्याहून लांबलं तर ते मत नसतं, भांडण असतं, असं आईचं म्हणणं. त्यामुळे कॅसेटची उलटी बाजू कायम कोरी. दुसरा नियम त्याहून कडक होता. ऐकल्याशिवाय पुसायचं नाही.

आईची मतं मोजायची रीत न्यारी होती. ती बटणांत मोजायची. सिनेमा रटाळ असला की हात चालत राहायचा आणि ढीगभर बटणं लागायची. सिनेमा चांगला असला की सुई वाटेतच थांबायची. त्यामुळे बटणं जितकी कमी, तितका सिनेमा मोठा. जिन्यातल्या बायका तिला जजबाई म्हणायच्या आणि दाराबाहेरूनच विचारायच्या, रात्रीचा कितीचा? आई आतून ओरडायची, अठराचा, झोपा खुशाल.

तिची काही मतं माझ्या कानात अजून आहेत. एक मालिका तीन वर्षं चालली. एका घरातली अकरा माणसं सारखी एकमेकांच्या दाराआड उभी राहून ऐकायची. आई म्हणाली, कोणीतरी दार नीट लावलं असतं तर दुसऱ्याच दिवशी संपली असती, बावीस बटणं. एका खुनाच्या सिनेमाबद्दल म्हणाली, खुनी कोण ते मला नवव्या बटणाला कळलं, पोलिसांना दोन तास लागले, त्यांना जरा बटणं लावायला द्या. डॉक्टरांच्या मालिकेवर तर ती खवळलीच. यांच्या कोटाला एक डाग नाही, म्हणे, असा कोट इतक्या वर्षांत माझ्याकडे एकदाही आला नाही. स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षक एक घास खातात आणि डोळे मिटतात. उरलेलं ताट कोण संपवतं ते का दाखवत नाहीत, हे ती दर आठवड्याला विचारायची. वाघ-हरणांच्या माहितीपटात हरीण पळतं तेव्हा मागे ढोल वाजतो, तो तिला चालायचा नाही. बातम्यांतल्या चर्चेला तीस बटणं. ती सगळ्यात वाईट. आणि एका भुताच्या सिनेमात घाबरून तिनं एक बटण स्वतःच्या बाहीलाच शिवून टाकलं होतं. ते उत्तर भरताना बाबा इतके हसले की अर्धं उत्तर हसण्यातच गेलं.

भांडणंही माझ्यातूनच झाली. एका सिनेमात बापाची नोकरी जाते आणि तो वर्षभर घरी सांगत नाही. बाबा म्हणाले, बरोबर केलं, पोरांना कशाला घोर लावायचा. आई म्हणाली, "लपवणाऱ्याला वाटतं, मी दुसऱ्याला वाचवतोय. तो स्वतःलाच वाचवत असतो." हे नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी बाबांनी उत्तरात नुसतं सांगितलं, दूध उतू गेलं, भांडं भिजत घातलंय. भांडण मिटलं.

मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी गेली. घरात मोबाइल आले. मला अडगळीत टाकायची भाषा दोनतीनदा झाली. पण मोबाइलवर बोलायला बसलं की मध्येच कोणाचा तरी फोन येतो, अशी आईची तक्रार होती. म्हणून मी राहिलो. म्हातारा मात्र झालो. माझ्या आत एक रबरी पट्टा आहे, तो फीत ओढतो. तो सैल पडत चालला होता. कधीकधी आवाज जाड यायचा आणि फीत अडकते की काय असं मला वाटायचं. मला माझीच भीती वाटायला लागली होती.

मग तो बुधवार आला.

त्या संध्याकाळी टीव्हीवर एक लांबलचक सिनेमा होता. बर्फात, डोंगराच्या घाटात अडकलेल्या एका बसचा. आईनं बोलायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. अर्धा तास होऊन मी खट् करून बंद पडलो तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर होतं. "आता शेवट सांगते, पण त्याआधी..." एवढंच फितीवर बसलं. ती एकटीच हसली. मग पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कॅसेट काढली, उलटी घातली आणि पुढे बोलली. थोडंच बोलली. मग फीत मागे नेली, कॅसेट पुन्हा सुलट घालून सुरुवातीला आणून ठेवली आणि झोपायला गेली.

गुरुवारी सकाळी बाबांनी ऐकलं. पंपहाऊसवर मोटार जळाली म्हणून त्यांना लवकर बोलावणं आलं होतं, ते उभ्या उभ्या चहा पीत होते. मी खट् करून थांबलो. आईचं वाक्य तुटलं ते त्यांच्या लक्षात आलं असणार. पण ती उलटी बाजू कधी वापरत नसे, म्हणून फीत पुरली नाही असं समजून ते उत्तर न भरताच निघाले.

त्या दुपारी आई घरी आली नाही. धोबीखान्यात काम करता करता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. दवाखाना त्याच इमारतीत होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढचे बारा दिवस बाबा रोज सकाळी चहा घेऊन माझ्यापुढे बसायचे आणि पहिली बाजू ऐकायचे. रोज ते वाक्य तुटायचं. रोज मी मनात म्हणायचो, आता कॅसेट उलटी करा, बाबा, एकदाच उलटी करा. ते फीत मागे न्यायचे आणि माझ्यावरची धूळ झटकून मला कपाटावर ठेवायचे.

तेराव्या दिवशी ते पहिल्यांदा कामावर निघाले होते. डबा भरून झाला होता. कामावर जायच्या दिवशी जे पंचवीस वर्षं करत आले तेच त्यांनी केलं. ऐकलं. फीत मागे नेली. आणि त्यांची दोन बोटं दोन बटणांवर आली. लाल आणि त्याच्या शेजारचं.

मित्रांनो, ती बोटं मला कळली. दाब वाढत होता तेही कळलं. माझा पट्टा सैल आहे, निदान आज तरी घसर, असं मी त्याला म्हणालो. इतके दिवस घसरणारा तो नेमका त्या दिवशी नीट चालला. बाबा बोलले, "ऐकलं. ड्रायव्हरबद्दल पटलं. पण शेवट काय झाला ते सांगितलं नाहीस." आणि मग ते गप्प झाले. उत्तर ऐकायला दुपारी घरी कोणी येणार नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. ते मला बंद करायलाही विसरले. ते बसून राहिले आणि मी इंच इंच पुसत राहिलो. ड्रायव्हर गेला, बस गेली, बर्फ गेला. अर्ध्या तासानं मी खट् केलं तेव्हा त्यांनी मान वर केली असावी, कारण खुर्ची करकरली. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी भरून घेतला नाही, हे बरं झालं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. म्हणून त्या शनिवारी आळ माझ्यावर आला.

मुलगी हट्टी आहे, आईवर गेलीय. यंत्रानं खाल्लं असेल तर यंत्रातूनच काढता येईल, असं म्हणून तिनं मला पिशवीत घातलं. फीत शेवटच्या टोकाला होती, ती तशीच राहिली. बाबा नको नको म्हणत मागून आले. पलीकडच्या रस्त्यावर पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. त्यानं माझी पाठ उघडली, फुंकर मारली, इकडे तिकडे टोचून बघितलं.

"ताई, पट्टा तेवढा सैल आहे. बाकी ठणठणीत आहे हा."

मुलीनं विचारलं, मग यानं आवाज कसा पुसला?

"हा नाही पुसत. लाल बटण माणसानं दाबावं लागतं."

एक पंखा कुठेतरी घरघरत होता. मला त्या नोकरी गेलेल्या बापाचा सिनेमा आठवला. बाबांनाही आठवला की नाही, मला माहीत नाही.

"मी दाबलं," बाबा म्हणाले. "कामावर जायच्या गडबडीत. सवयीनं. आणि तुला सांगायला धीर झाला नाही."

दुरुस्तीवाला अवघडला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं पट्टा तात्पुरता ताणून बसवला, मला पुन्हा जुळवलं आणि म्हणाला, एकदा आवाज भरून बघतो, भरतोय की नाही कळेल. या बाजूला काकांचं काहीतरी आहे, उलटी बाजू कोरीच असेल ना? बाबा म्हणाले, कोरीच आहे, ती कधी वापरलीच नाही.

त्यानं कॅसेट उलटी घातली आणि त्याची दोन बोटं माझ्या दोन बटणांवर आली.

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मला इतकं मुकं कधी वाटलं नव्हतं. ती बोटं बाबांच्या बोटांसारखी थकलेली नव्हती. तरणी, सराईत, घाईची बोटं. लाल बटण अर्धं खाली गेलंसुद्धा. आणि तेवढ्यात त्या हातावर दुसरा हात पडला.

"थांबा," बाबा म्हणाले. "आमच्याकडे आधी ऐकायची पद्धत आहे."

कोऱ्या फितीत काय ऐकायचं, काका, असं पुटपुटत त्यानं लाल बटण सोडलं आणि नुसतं मोठं बटण दाबलं. जरा वेळ खरखर आली. मग आई बोलली.

"हां, अहो, बाजू उलटलीत ना? मला माहीत होतं तुम्ही..."

तिथे पट्टा घसरला. तिचा आवाज जाड झाला, ओढल्यासारखा खोल गेला, आणि फीत माझ्या दातांत आली. ज्या गोष्टीची मला इतके दिवस भीती होती ती मी करत होतो. मी तिला खात होतो. दुरुस्तीवाल्यानं एका झटक्यात मला बंद केलं. कोणीही हात लावू नका, असं म्हणून त्यानं माझं झाकण काढलं आणि अडकलेला फितीचा वेढा चिमट्यानं, केस सोडवावा तसा, सोडवायला घेतला.

तुटलेली नाही, सुरकुत्या पडल्यात, वेळ लागेल, असं तो म्हणाला.

मुलगी बाकावर बसली असावी. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "पहिल्या बाजूवर काय होतं?"

"मला पाठ आहे," बाबा म्हणाले.

आणि मित्रांनो, जन्मभर ज्यांनी दुसऱ्याकडून सिनेमे ऐकले ते बाबा सांगायला लागले. घाटात बस अडकते. चौदा उतारू आणि एक ड्रायव्हर. तुझी आई म्हणाली, सगळ्या सिनेमात तेवढा ड्रायव्हर खरा, कारण घाबरला की तो आधी हाताचा ब्रेक तपासतो, तुमच्या पंपहाऊसवरच्या माणसांसारखा. बाकी सगळे सिनेमातले. ती तरुण बाई तीन दिवस बर्फात आहे आणि तिचा एक केस विस्कटलेला नाही, म्हणे, माझे तर उठल्यापासून विस्कटतात. एक म्हातारा आपला कोट काढून परक्या पोरीला देतो, तिथे मी सुई ठेवून दिली, म्हणाली. तुमच्या कामावरच्या शर्टाची सगळी बटणं बदलायला घेतली होती, सातांतली पाच लागली, पुढे हात चाललाच नाही. बाबा तिच्याच ठेक्यात बोलत होते, तिच्याच जागी थांबत होते. मुलगी एकदा हसली. मग रडली. मग म्हणाली, परत सांगा, आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चिमट्याचा आवाज कधीचा थांबलाय.

नवा पट्टा यायला चार दिवस लागले. दुरुस्तीवाल्यानं तो बसवला, आधी स्वतःच्या एका जुन्या कॅसेटवर मला तासभर पळवून बघितलं आणि मगच आईची कॅसेट घातली. मुलीनं दोन्ही बाजू मोबाइलमध्ये भरून घेतल्या. बाबांच्या रिकाम्या अर्ध्या तासाचं काय करायचं असं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तेही राहू दे, उत्तर आहे ते. मग त्यानं कॅसेटच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन बारीक जिभल्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की लाल बटण खालीच जात नाही. एवढंसं काम, पंचवीस वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं.

उलटी बाजू चालू होती तेवढा वेळ बाबा दुकानाबाहेर फुटपाथवर उभे होते.

मुलीनं त्यांना मोबाइलवर ऐकवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ऐकीन की, घाई काय आहे. ती फारच मागे लागली तेव्हा म्हणाले, "आजवर रोज तिचं नवीन काहीतरी असायचं. हे शेवटचं नवीन आहे. ऐकलं की तेही जुनं होईल." त्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही. ती गावाला जाताना मला कपाटावरून काढून टेबलावर ठेवून गेली.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश करता येत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी बसल्या बसल्या टीव्हीवरच्या माणसांना बोल लावत असेल, हसत असेल, असं का तसं का विचारत असेल, तर ते बोलणं कुठेतरी ठेवा. कालचं मत आज कोणाला हवंय असं ते म्हणतील. ऐकू नका त्यांचं. आणि काहीही पुसायच्या आधी एकदा दोन्ही बाजू ऐकून घ्या. एखादी गोष्ट हातून पुसली गेलीच, तर मुक्या यंत्रावर ढकलू नका.

बाबा अजून कामावर जातात. सकाळी चहा घेऊन माझ्यापुढे बसतात. त्यांचं बोट मोठ्या बटणावर येतं, जरा वेळ टेकतं आणि परत जातं. कॅसेट आत आहे, उलटी घातलेली, सुरुवातीला आणून ठेवलेली. नवा पट्टा घट्ट आहे. बसचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण ते मी तुम्हालाही सांगणार नाही. आधी त्यांनी ऐकायचं.

त्यांनी अजून ऐकलेलं नाही. आणि शर्टाची दोन बटणं लावायची राहिली आहेत.